पोटॅशियमचा आकडा आम्लतेसोबत वाचण्याची रीत

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला, किंवा आषाढीच्या सुमारास पंढरपुरात गर्दी झाली, की जुलाब-उलट्यांनी गळून गेलेले रुग्ण वॉर्डात येऊ लागतात. मधुमेहाने मूत्रपिंड थकलेले रुग्ण तर वर्षभर असतातच. दोघांच्याही रक्तात पुष्कळदा आम्लता वाढलेली, म्हणजे पीएच आणि बायकार्बोनेट उतरलेले असते; परंतु एकाच्या रिपोर्टवर पोटॅशियम २.६ (कमी) आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर ६.१ (जास्त) असे छापून येते. ‘ॲसिडोसिसमध्ये पोटॅशियम वाढते’ हे परीक्षेसाठी पाठ केलेले वाक्य पहिल्या रुग्णाच्या खाटेपाशी निकामी ठरते, आणि ते का ठरते हे समजल्याशिवाय दोघांचेही उपचार नीट होत नाहीत.

हा लेख इंटर्न, कनिष्ठ निवासी डॉक्टर आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. इतर वाचकांनाही तो समजेल, मात्र यातील मात्रा घरी वापरण्यासाठी नाहीत. आधी मूत्रपिंडाच्या पेशीतील पोटॅशियम चॅनलांवर, म्हणजे पेशीपटलातील पोटॅशियमच्या वाटांवर, आम्लतेचा काय परिणाम होतो ते पाहू, आणि मग त्या आधारावर रिपोर्ट वाचण्याच्या पायऱ्या घेऊ. घाईत असणारा वाचक पहिला भाग टाळण्याचा विचार करील. त्याने तो टाळू नये, कारण पुढच्या पायऱ्यांचा क्रम तिथूनच आलेला आहे.

पोटॅशियमचा निर्णय कुठे होतो

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. आतली पातळी लिटरमागे १४० ते १५० मिलीइक्विव्हॅलंट आणि बाहेर, म्हणजे रक्तात, ३.५ ते ५.० मिलीइक्विव्हॅलंट. (यापुढे एकक दरवेळी लिहीत नाही.) दिवसाला साधारण १८० लिटर द्रव मूत्रपिंडात गाळला जातो, त्यासोबत सातशेच्या आसपास मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम नलिकांत उतरते. त्यातील सुमारे ६५ टक्के निकटवर्ती, म्हणजे सुरुवातीच्या, नलिकेत आणि २५ टक्के हेन्लेच्या वळणाच्या जाड चढत्या भागात परत शोषले जाते. हे शोषण जवळपास ठरल्याप्रमाणे होत राहते. मूत्रात शेवटी किती पोटॅशियम जाणार, हे मात्र नलिकेच्या अखेरच्या भागातील, विशेषतः संग्राहक नलिकेतील, मुख्य पेशींवर अवलंबून असते. या पेशी सोडियम आत घेतात, त्यामुळे नलिकेची पोकळी ऋणभारित होते आणि पेशीतील पोटॅशियम तिकडे ओढले जाते. ते ज्या वाटांनी बाहेर पडते त्यांपैकी मुख्य वाट म्हणजे रोमके नावाचे चॅनल.

रोमके आणि पेशीच्या आतली आम्लता

रोमके चॅनलचे जनुकीय क्लोनिंग १९९३ साली झाले. शास्त्रीय वर्गीकरणात त्याला किर १.१ आणि त्याच्या जनुकाला केसीएनजे१ म्हणतात. चार सारखी प्रथिने एकत्र येऊन हे चॅनल बनते आणि प्रत्येक प्रथिन पेशीपटलाला दोनदा छेदून जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा महत्त्वाचा गुण असा, की पेशीच्या आतील पीएच उतरला की ते मिटते आणि चढला की उघडते. बाहेरच्या, म्हणजे मूत्राच्या बाजूच्या पीएचचा त्यावर थेट परिणाम फारसा होत नाही.

हे मिटणे हळूहळू होत नाही. नलिकेच्या पेशींमधील पीएच एरवी ७.२ च्या आसपास असतो, आणि रोमकेची निम्मी चॅनल मिटण्याचा बिंदू प्रयोगांमध्ये ६.९ च्या जवळपास किंवा त्याहून थोडा खाली आढळतो. या पट्ट्यात आलेख इतका उभा आहे, की पीएचच्या काही दशांशांच्या फरकाने बहुतेक चॅनल उघडी असण्याच्या स्थितीतून बहुतेक मिटलेली असण्याच्या स्थितीत पेशी जाऊ शकते. म्हणजे हे चॅनल नेमक्या त्याच पट्ट्यात संवेदनशील आहे ज्यात आजारपणात पेशीचा पीएच हलतो.

प्रथिनातील ८० व्या स्थानावर लायसिन हे अमिनो आम्ल असते. ते काढून तिथे मेथिओनिन घातले, तर चॅनलची आम्लतेबाबतची ही संवेदनशीलता जवळजवळ नाहीशी होते, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. त्यावरून हे लायसिन स्वतःच हायड्रोजन आयन पकडते असे प्रथम वाटले. पुढच्या कामातून निराळे चित्र पुढे आले: हे लायसिन पेशीपटल छेदणाऱ्या शेजारच्या दुसऱ्या भागातील १७७ व्या स्थानावरील ॲलनिनशी हायड्रोजन बंधाने जोडले जाते, आणि हा बंध चॅनलचा दरवाजा मिटलेल्या स्थितीत स्थिर करतो. यातच पेशीपटलातील पिप-२ या मेदाची भर पडते. ते चॅनलला उघडे ठेवण्यास मदत करते. ते कमी झाले, की चॅनल एरवीपेक्षा कमी आम्लतेलाही मिटू लागते.

हा तपशील केवळ प्रयोगशाळेपुरता नाही, हे बार्टर सिंड्रोम या मूत्रपिंडातून मीठ वाया जाणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या दुसऱ्या प्रकारावरून कळते. केसीएनजे१ मधील दोषांमुळे हा आजार होतो, हे १९९६ मध्येच स्पष्ट झाले. त्यातील काही दोषांमध्ये चॅनल तयार होते, पेशीपटलापर्यंत पोहोचतेही, पण त्याचा मिटण्याचा बिंदू वर सरकलेला असतो, त्यामुळे पेशीच्या नेहमीच्या पीएचलाही ते मिटलेलेच राहते. अशा बाळांचे पोटॅशियम जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वाढलेले दिसते आणि नंतर उतरून कायम कमी राहते. सुरुवातीला संग्राहक नलिकेतील वाट बंद असल्याचा परिणाम दिसतो. पुढे जाड चढत्या भागातील मीठशोषण बिघडल्याने खाली सोडियमचा लोंढा येतो, अल्डोस्टेरॉन (सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक) वाढते, आणि मोठ्या क्षमतेची बीके चॅनल पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम हाती घेतात.

तीच आम्लता, पण तासांची की आठवड्यांची

बार्टरच्या बाळाने जे दाखवले, तेच प्रौढ रुग्णात निराळ्या वाटेने घडते. अचानक आलेल्या चयापचयी आम्लतेत मुख्य पेशींच्या आतला पीएच उतरतो, रोमके मिटते, मूत्रातून पोटॅशियम जाणे घटते. त्याच वेळी इतर पेशींमधून थोडे पोटॅशियम रक्तात येते. दोन्ही कारणांनी आकडा वर जातो. हीच आम्लता काही दिवस टिकली, की निकटवर्ती नलिकेचे सोडियम शोषण मंदावते, जास्त पाणी व सोडियम खाली पोहोचते, शरीरातील द्रव घटल्याने अल्डोस्टेरॉन वाढते, आणि मूत्रातील पोटॅशियम पुन्हा वाढू लागते. उजनीचे दरवाजे थोडेच उघडे असले, तरी वरून पूर आला असेल तर भीमेत किती पाणी उतरते, हे सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. रोमकेच्या बाबतीतही दरवाजा किती उघडा आहे एवढ्यावर हिशेब संपत नाही, वरून किती येते आहे हेही पाहावे लागते. म्हणूनच दीर्घकालीन दूरस्थ आरटीएमध्ये (रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, म्हणजे नलिकांच्या दोषामुळे होणारी आम्लता) आम्लता असूनही पोटॅशियम कमी सापडते.

उलट्यांमध्ये नेमके उलटे घडते. रक्त व पेशी अल्कधर्मी होतात, रोमके अधिक उघडते, मूत्रात बायकार्बोनेट उतरते आणि अल्डोस्टेरॉनही वाढलेले असते. जठररसात पोटॅशियम फार नसते. अशा रुग्णाचे बहुतांश पोटॅशियम उलटीतून जात नाही, लघवीतून जाते.

आम्लतेला प्रतिसाद देणारी आणखी दोन चॅनल थोडक्यात सांगतो. दूरस्थ वळणदार नलिकेच्या रक्ताकडील बाजूला किर ४.१ आणि किर ५.१ यांचे जोडचॅनल असते. एकट्या किर ४.१ ला मिटायला बरीच आम्लता लागते, पण किर ५.१ सोबत आले की त्याची संवेदनशीलता शरीराच्या नेहमीच्या पीएचच्या पट्ट्यात येते. रक्तातील पोटॅशियमची पातळी ओळखून मीठशोषण कमी-जास्त करण्याचे काम या जोडचॅनलमार्फत चालते. निकटवर्ती नलिकेतील टास्क-२ मात्र बाहेरच्या अल्कतेने उघडते: पेशीतून बायकार्बोनेट रक्ताकडे गेले, की तिथला पीएच चढतो, टास्क-२ उघडते, पोटॅशियम बाहेर जाऊन पेशीचा ऋणभार टिकतो, आणि त्या जोरावर आणखी बायकार्बोनेट बाहेर पडते. हे चॅनल नसलेल्या उंदरांना चयापचयी आम्लता होते.

पहिली पायरी: नमुना खरा आहे का ते पाहा

अक्कलकोट, करमाळा किंवा मंगळवेढ्याहून गाडीने सोलापुरात येणाऱ्या नमुन्यांच्या बाबतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. सीरम वेगळे न करता रक्त तसेच उन्हात प्रवासाला निघाले, तर सुरुवातीच्या काही तासांत पेशी उष्णतेमुळे जोमाने ग्लुकोज वापरतात व पोटॅशियम आत ओढतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. तेच रक्त बर्फाच्या डब्यात ठेवले, तर पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप थंडावतो, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच जास्त येतो. लालपेशी फुटलेल्या नसल्याने सीरमचा रंगही संशय येऊ देत नाही. त्यामुळे रक्त गोठल्यावर जागेवरच सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे काढावे आणि मगच पाठवावे. ते शक्य नसेल तर फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ ठळक लिहावी.

रक्त काढताना रुग्णाला वारंवार मूठ आवळायला लावू नये आणि पट्टा फार वेळ बांधून ठेवू नये; त्यानेही पोटॅशियम वाढते. एबीजीच्या (धमनीतील रक्तवायूंच्या तपासणीच्या) सिरिंजमध्ये द्रवरूप हेपरिन उरले तर कार्बन डायऑक्साइड व बायकार्बोनेट दोन्ही खोटेच कमी दिसतात, म्हणून ते पूर्ण दाबून बाहेर काढावे. साध्या नळीचे झाकण उघडे राहिले तरी बायकार्बोनेट कमी येते.

दुसरी पायरी: ईसीजी आधी, चर्चा नंतर

पोटॅशियम ६ च्या वर किंवा ३ च्या खाली असेल, तर पुनर्तपासणीच्या निकालाची वाट न पाहता ईसीजी काढावा. टोकदार टी लहर, सपाट होत गेलेली पी लहर आणि रुंदावलेले क्यूआरएस दिसले, तर पुढील सर्व विचार बाजूला ठेवून कॅल्शियम द्यावे. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, तीन ते पाच मिनिटांत, मॉनिटर लावून. त्याचा परिणाम अर्धा ते एक तासच टिकतो आणि त्याने पोटॅशियम कमी होत नाही. ज्या लाइनमधून सोडाबायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट) चालू आहे तिच्यातून कॅल्शियम देऊ नये, साका धरतो. ईसीजी स्वच्छ असला म्हणून ६.८ चा आकडा निर्धोक ठरत नाही, एवढेही लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी: आम्लतेची जात ओळखा

सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेटची बेरीज वजा करून ॲनायन गॅप काढावा; तो साधारण ८ ते १२ असतो. अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ४ ग्रॅमपेक्षा जितके ग्रॅम कमी असेल, तितक्या अडीचपटीने गॅपमध्ये भर घालावी. मग विंटर्सच्या सूत्राने, म्हणजे बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे, अपेक्षित कार्बन डायऑक्साइड काढून प्रत्यक्षाशी ताडून पाहावा.

पीएच ०.१ ने उतरला की पोटॅशियम ०.६ ने वाढते, हा ठोकताळा अजूनही पाठ केला जातो. माझ्या मते तो खाटेपाशी वापरू नये. तो खनिज आम्लांच्या प्रयोगांतून आला; लॅक्टिक आम्ल किंवा कीटोन यांच्या आम्लतेत पोटॅशियम त्या प्रमाणात पेशींबाहेर येत नाही. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये आकडा चढतो तो मुख्यतः इन्शुलिनच्या अभावाने आणि वाढलेल्या साखरेमुळे पेशींतून पाणी ओढले गेल्याने. एकूण शरीरात मात्र किलोमागे तीन ते पाच मिलीइक्विव्हॅलंटचा तुटवडा असतो. म्हणून अशा रुग्णाचे पोटॅशियम ३.५ पेक्षा कमी असेल, तर ते भरून काढल्याशिवाय इन्शुलिन सुरू करू नये.

चौथी पायरी: मूत्राला विचारा

एकाच वेळी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यातील पोटॅशियम व क्रिएटिनिन पाठवावे. रक्तातील पोटॅशियम कमी असताना क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे मूत्रात १३ पेक्षा कमी पोटॅशियम असेल, तर मूत्रपिंड काटकसर करत आहे आणि गळती दुसरीकडे आहे; जास्त असेल तर गळती मूत्रपिंडातूनच आहे. जुन्या पद्धतीचा टीटीकेजी (नलिकेतील व रक्तातील पोटॅशियमच्या फरकाचा अंदाज देणारे गुणोत्तर) मी सुचवत नाही. संग्राहक नलिकेच्या अखेरच्या भागात युरिया व इतर द्रव्ये परत शोषली जात नाहीत, हे त्यामागचे गृहीतक टिकलेले नाही.

गॅप न वाढलेल्या आम्लतेत मूत्राचा ॲनायन गॅपही काढावा: मूत्रातील सोडियम अधिक पोटॅशियम, वजा क्लोराइड. जुलाबात तो ऋण येतो, कारण मूत्रपिंड अमोनियम बाहेर टाकत असते. आरटीएमध्ये तो धन येतो. मूत्रातील सोडियम २० च्या खाली असेल तर मात्र हा हिशेब भरवशाचा राहत नाही.

पाचवी पायरी: उपचारांचा क्रम ठरवा

इथे दोन उदाहरणे अभ्यासासाठी रचून घेऊ.

पहिला रुग्ण यंत्रमागावर काम करणारा, वय ४६, तीन दिवस जुलाब. सोडियम १३६, पोटॅशियम २.६, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १२, पीएच ७.२५, कार्बन डायऑक्साइड २८. गॅप १०, विंटर्सनुसार अपेक्षित २४ ते २८, म्हणजे श्वसनाची भरपाई योग्य आहे. मूत्रातील पोटॅशियम क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे १०. ताज्या आम्लतेने रोमके मिटलेले असण्याची, म्हणजे पोटॅशियम राखले जात असण्याची स्थिती आहे, आणि तरीही आकडा २.६ आहे, याचा अर्थ खरा तुटवडा आकड्यापेक्षा मोठा आहे. या रुग्णाला बायकार्बोनेट कमी दिसले म्हणून आधी सोडाबायकार्ब दिले, तर पोटॅशियम पेशींत शिरेल, शिवाय मुख्य पेशींचा पीएच चढून रोमके उघडेल आणि उरलेसुरले लघवीतून जाईल. श्वसनाचे स्नायू लुळे पडण्याची आणि हृदयाची लय बिघडण्याची वेळ अशा घाईनेच येते. म्हणून आधी पोटॅशियम, मग गरज उरली तरच अल्क.

पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्क्यांच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असते. ते थेट शिरेत कधीही द्यायचे नाही. हाताच्या शिरेतून देताना लिटरमागे ४० पेक्षा जास्त आणि तासाला १० पेक्षा जास्त नसावे; त्याहून वेग हवा असेल तर मॉनिटर हवा. ते नॉर्मल सलाइनमध्ये मिसळावे. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळले तर इन्शुलिन स्रवते आणि सुरुवातीला पोटॅशियम आणखी उतरते. तोंडाने घेता येत असेल तर ओआरएस चालू ठेवावे. त्याच्या लिटरमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि त्यातील सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते, पण तेही बेताने.

मॅग्नेशियम तपासायला विसरू नये. पेशीतील मॅग्नेशियम रोमकेचे तोंड आतून काहीसे अडवून धरते. ते कमी झाले की पोटॅशियम सहज बाहेर पडते, आणि मग कितीही पोटॅशियम क्लोराइडच्या बाटल्या लावल्या तरी आकडा जागचा हलत नाही.

दुसरी रुग्ण ६२ वर्षांच्या मावशी, जुना मधुमेह, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू, क्रिएटिनिन १.९. सोडियम १३५, पोटॅशियम ६.१, क्लोराइड १०८, बायकार्बोनेट १५, पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइड ३१. गॅप १२. क्रिएटिनिन इतके वाढलेले नसतानाही पोटॅशियम ६.१ आहे, म्हणून चौथ्या प्रकारच्या आरटीएचा विचार करावा. इथे आम्लता आणि पोटॅशियम एकमेकांना धरून ठेवतात: अल्डोस्टेरॉनचा प्रभाव कमी असल्याने पोटॅशियम साठते, साठलेले पोटॅशियम निकटवर्ती नलिकेतील अमोनिया निर्मिती मंदावते, त्यामुळे आम्ल बाहेर पडत नाही, आणि साचलेली आम्लता रोमकेला मिटवते. ही साखळी कुठूनही तोडता येते, पण पोटॅशियम उतरवले की पुष्कळदा आम्लताही काही प्रमाणात सुधारते.

ईसीजीत बदल असतील तर कॅल्शियमनंतर साधे इन्शुलिन १० युनिट आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर, आणि सालब्युटामॉलचे नेब्युलायझेशन. मूत्रपिंडाच्या रुग्णात इन्शुलिन जास्त वेळ टिकते, म्हणून पुढचे चार ते सहा तास दर तासाला साखर तपासावी. शिरेतून दिलेले सोडाबायकार्ब एकट्याने तासाभरात पोटॅशियम उतरवील, अशी अपेक्षा ठेवू नये. आम्लता असेल तेव्हाच त्याचा उपयोग आहे, आणि तोही हळूहळू. ईसीजी ठीक असेल, तर औषधांची यादी हा खरा उपचार असतो. टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या, कोट्रायमॉक्साझोल यांपैकी काय काय चालू आहे, हे पिशवी उघडून पाहावे. विचारून सगळे कळत नाही. ‘कमी सोडियमचे’ म्हणून घेतलेल्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असते. डाळिंबाचा रस, शहाळे आणि रोजच्या ताटातील शेंगाचटणी यांचे प्रमाणही विचारावे. सोलापुरात शेंगाचटणी बंद करा असे सांगितले तर ती बंद होत नाही; ‘एक चमचा’ असे ठरवून दिले तर निदान मोजली जाते.

सहावी पायरी: पुन्हा तपासणी आणि पाठवणीची चिठ्ठी

इन्शुलिन दिल्यावर दोन तासांनी पोटॅशियम पुन्हा तपासावे, आणि परिणाम ओसरण्याच्या सुमारास, म्हणजे सहा तासांनी, आणखी एकदा. जुलाबाच्या रुग्णात प्रत्येक ४० मिलीइक्विव्हॅलंटनंतर तपासणी पुरेशी आहे, लघवी होत असल्याची खात्री मात्र आधीच करून घ्यावी. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर नुसते ‘पोटॅशियम २.६’ लिहू नये. नमुना काढल्याची वेळ, सीरम कधी वेगळे केले, त्याच वेळचे पीएच व बायकार्बोनेट, मूत्रातील पोटॅशियम व क्रिएटिनिन, लक्षणे किती दिवसांची, आणि वाटेत कोणती सलाइन किती लावली, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. सोडाबायकार्ब दिले असेल तर त्याची मात्रा आणि वेळ सर्वांत वर.